लसिकाग्रंथींची साक्ष

पायाची जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील वृद्धेलाही ठाऊक असते. ही गाठ नव्याने उद्भवत नाही. शरीरभर पसरलेल्या लसिकावाहिन्यांच्या जाळ्यावरील ते एक नाके होय. त्या वाटेने येणारे परके द्रव्य अडवावे, हे त्याचे काम. मोठ्या आतड्याच्या कडेनेही अशी नाकी ओळीने बसलेली आहेत. आतड्यातील कर्करोगाने घर सोडले की नाही हे जाणण्यासाठी वैद्यकाने गेली नऊ दशके त्यांचीच झडती घेतली. आणि झडतीची साधने पालटली तसतसा ‘रोग पसरला’ या शब्दांचा अर्थही पालटत गेला.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स हे विकृतिशास्त्रज्ञ होते. शस्त्रवैद्याने काढलेला गुदाशयाचा भाग हाती आला की ते भोवतालची एकेक ग्रंथी हुडकीत आणि कोणती बाधित, कोणती निर्मळ, याचा आराखडा मांडीत. या चिकाटीतून १९३२ साली त्यांचे प्रसिद्ध वर्गीकरण निघाले. रोग भित्तीतच असेल तर ‘ए’. भित्ती भेदून बाहेर आला, पण ग्रंथी निर्मळ असतील तर ‘बी’. ग्रंथी बाधित झाल्या की ‘सी’. इतकी साधी वर्गवारी क्वचितच इतकी टिकते. पुढे ती सर्व मोठ्या आतड्याला लागू झाली, आणि सुधारणा करणाऱ्यांनी तीच अक्षरे निरनिराळ्या अर्थांनी वापरून पुरेसा गोंधळही घातला. सरकारी दप्तरात संज्ञांचे जे होते तेच येथेही झाले. फ्रान्सच्या पिअर दन्वा यांनी आखलेली ‘टी-एन-एम’ पद्धती १९६८ साली आंतरराष्ट्रीय पुस्तिकेच्या रूपाने आली, तेव्हा कोठे काहीशी शिस्त लागली.

तोवर ही वर्गवारी केवळ भविष्य सांगत होती. ते बदलण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. १९५७ साली चार्ल्स हायडेलबर्गर यांनी फ्लुओरोयुरासिल हे औषध पुढे आणले. पण शस्त्रक्रियेनंतर ते दिल्याने प्राण वाचतात, याची भक्कम ग्वाही १९९० साली मिळाली. चार्ल्स मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी त्याला लेव्हामिसोल या मूळच्या जंतांवरील औषधाची जोड दिली, तेव्हा ग्रंथी बाधित असलेल्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. लेव्हामिसोल पुढे मागे पडले. परंतु त्या वर्षापासून लसिकाग्रंथीच्या साक्षीवर औषधोपचाराचा निवाडा होऊ लागला. ग्रंथी बाधित, तर औषध; निर्मळ, तर बहुधा नाही.

आणि येथेच साक्षीदाराची विश्वासार्हता पणाला लागली. ग्रंथी निर्मळ ठरलेल्यांपैकीही काहींचा रोग उलटत होता. साधा हिशेब पाहावा. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची चकती मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाइतकी जाड असते. पाच मिलिमीटरच्या ग्रंथीच्या अशा हजार चकत्या होतील, आणि तपासनीस त्यांतील एखाददुसरी पाहतो. ग्रंथाचे एक पान वाचून त्यात अमुक शब्द नाही असे सांगण्यासारखेच हे झाले.

कॅरी मुलिस यांनी १९८३ साली कल्पिलेल्या पॉलिमरेज साखळी-अभिक्रियेने मात्र सगळी ग्रंथी विरघळवून तिच्यातील जनुकीय संदेश कोट्यवधी पटींनी वाढवता येऊ लागले. युक्ती अशी की, आतड्याच्या अस्तराच्या पेशीचे लसिकाग्रंथीत काहीच काम नसते. तिची बोली तेथे ऐकू आली, तर कोणी परका शिरला आहे. जपानी संशोधकांनी १९९५ साली ग्रंथींमध्ये कर्कपेशींतील जनुकबिघाड शोधून ही वाट दाखवली. नेदरलँड्समधील लीफर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली २६ रोग्यांच्या १९२ ‘निर्मळ’ ग्रंथी तपासल्या. खूण म्हणून त्यांनी घेतलेले सीईए हे द्रव्य १९६५ साली माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी वर्णिलेले होते. १४ जणांच्या ग्रंथींत ती खूण आढळली. त्यांच्यापैकी पाच वर्षे जगलेले ५० टक्के, उरलेल्यांपैकी ९१ टक्के. २६ ही संख्या लहान खरी, पण हे अंतर डोळ्याआड करण्याजोगे नव्हते.

मग मोठी चाचणी आली आणि उत्साहाला वेसण बसली. फिलाडेल्फियाच्या स्कॉट वाल्डमन यांनी निवडलेली खूण म्हणजे आतड्याच्या पेशीवरील एक ग्राहक. हगवण लावणाऱ्या एका जंतूचे विष त्यालाच जाऊन चिकटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २५७ रोग्यांपैकी २२५ जणांच्या ग्रंथींत ती सापडली. त्यांच्यापैकी सुमारे २१ टक्क्यांचा रोग उलटला; खूण नसलेल्या ३२ जणांपैकी दोघांचाच. म्हणजे खूण नसणे दिलासा देणारे होते. पण असलेल्या पाचांपैकी चौघांना तिचा काहीच उपद्रव झाला नाही. त्या सर्वांना विषारी औषध द्यावे काय? पेशी मेलेली असली तरी तिचा संदेश काही काळ उरू शकतो, आणि ग्रंथीच्या स्वतःच्या पेशीही कधी अशी बोली पुटपुटतात. शिवाय विरघळवलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहता येत नाही. साक्षीदार तीक्ष्ण कानांचा, पण उलटतपासणीस गैरहजर!

याहून सूक्ष्म धोका अमेरिकेच्या ॲल्व्हन फाइनस्टीन यांनी १९८५ सालीच दाखवला होता. विनोदकार विल रॉजर्स म्हणे की, ओक्लाहोमाची माणसे कॅलिफोर्नियास गेली आणि दोन्ही राज्यांची सरासरी बुद्धी वाढली. दुसऱ्या अवस्थेतील छुपे बाधित रोगी तिसरीत ढकलले, तर दोन्ही अवस्थांचे आकडे सुधारतात. एकही माणूस अधिक जगलेला नसतो.

म्हणूनच २००२ च्या आवृत्तीत वर्गवारीकारांनी सावध तोड काढली. केवळ रेणवीय चाचणीत खूण आढळली, तर ग्रंथी निर्मळच मानावी; शेजारी कंसात ‘मोल’ आणि अधिकचे चिन्ह लिहावे. नोंद घ्यावी, निर्णय बदलू नये. जपानी तंत्राने अर्ध्या तासाच्या आसपास ग्रंथीतील संदेश मोजणारे यंत्रही त्यानंतर आले. तरी ते चिन्ह कंसातच राहिले.

दरम्यान प्रश्नाने जागाच बदलली. ऑस्ट्रेलियातील ४५५ रोग्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या अवस्थेतील या रोग्यांपैकी एका गटात शस्त्रक्रियेनंतर रक्तात कर्कपेशींचे डीएनए तरंगते काय, एवढेच पाहून औषधाचा निर्णय झाला. त्या गटात १५ टक्क्यांनाच औषध द्यावे लागले, प्रचलित रीतीच्या गटात २८ टक्क्यांना. आणि दोन वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण दोहोंकडे ९२ ते ९४ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. तेथे नाक्यावरील साक्षीऐवजी हमरस्त्यावरील वर्दळ तपासली गेली. अवस्था ठरवताना मात्र विकृतिशास्त्रज्ञ आजही, ड्यूक्सप्रमाणेच, चरबीतून बोटांनी चाचपून एकेक ग्रंथी काढतात. किमान बारा तरी सापडाव्यात, असा दंडक आहे.