मीठ, चुना आणि शोरा

वसईतल्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत दर पावसाळ्यानंतर पांढरी व्हायची. "लोणा लागला," असे म्हणून आजी केरसुणीने ती भुकटी झाडून टाकायची. पुढे घर माझ्याकडे आले. मी हौसेने त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला. तीन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघाले आणि आतल्या विटांचाही भुगा झाला. चुन्याचा जुना गिलावा इतकी वर्षे टिकला, मग सिमेंटचा का पडला? या प्रश्नाचा माग काढताना मी वसईच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असतो. मिठाचा खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू सोडियम आणि क्लोराइडच्या कणांना वेढून एकमेकांपासून सोडवतात. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. कॅल्शियम आणि कार्बोनेट या कणांवर मात्र दुप्पट प्रभार असतो. त्यांची एकमेकांवरची पकड पाण्याला सहसा सुटत नाही. पदार्थ विरघळणार की नाही, हे बहुतांशी या ओढाताणीवर ठरते.

वसईची मिठागरे याच फरकावर चालली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे एकदम खाली बसत नाहीत. पाणी उन्हात आटू लागले की आधी कॅल्शियम कार्बोनेट सुटते, मग जिप्सम. पाणी सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मीठ धरू लागते. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, म्हणून ते पाणी वेळेवर काढून टाकावे लागते. आगरात राबणाऱ्यांनी हा क्रम पुस्तकात वाचलेला नव्हता. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात कधी सोडायचे, हे ते नजरेने ओळखत.

चुन्याचे काम याच्या उलट. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे इथे दगड-चुन्याचा किल्ला उभा राहिला. कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. भाजलेला चुना पाण्यात विझवला की तो थोडासा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमांहून कमी. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट होतो. मग लिटरभर शुद्ध पाण्यात त्याचे जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम विरघळतात. खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात त्या भिंती उभ्या राहिल्या त्या यामुळे. लोणारी हे नाव मिठावरून आलेले, पण चुना भाजणे हाही त्या समाजाचा व्यवसाय. विरघळणारे आणि न विरघळणारे असे दोन्ही पदार्थ त्यांच्या हाताखालून गेले.

मे १७३९ मध्ये याच किल्ल्याच्या तटबंदीखाली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग उडवले आणि पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. सुरुंगाच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश शोरा असे. लोण्यात हाच शोरा बऱ्याचदा सापडतो. आपल्या देशात जुन्या भिंतींजवळची आणि गोठ्यातली माती पाण्यात कालवून तो काढत. पण त्या पाण्यात मीठही उतरते. मग दोन्ही वेगळे कसे करायचे? २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम शोरा विरघळतो, तर उकळत्या पाण्यात २४० च्या आसपास. मिठाचा आकडा मात्र ३६ वरून जेमतेम ३९ वर जातो. म्हणून पाणी उकळून आटवले की मीठ तळाशी बसते आणि वरचे पाणी निवळून गार केले की शोऱ्याचे खडे धरतात. चुना पाण्याला दाद देत नाही म्हणून जो तट उभा होता, त्याला पाण्यात सहज विरघळणाऱ्या शोऱ्याने भगदाड पाडले.

आता माझ्या भिंतीकडे येतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन भिंतीत चढते. चुन्याच्या गिलाव्यातून पाणी बाहेर उडून जाते, क्षार पृष्ठभागावर फुलतात आणि केरसुणीने झाडता येतात. सिमेंटचा घट्ट थर ती वाट अडवतो. मग क्षारांचे खडे आतच वाढतात आणि विटा फोडतात. शिवाय सिमेंट स्वतःबरोबर आणखी काही विद्राव्य क्षार घेऊन येते.

किल्ल्याच्या पडझडीबद्दल आपण हळहळतो. पण वसईत अजून अनेक घरे, चर्च आणि देवळे जुन्या चुन्यात उभी आहेत आणि त्यांच्या डागडुजीला सिमेंटचीच पोती येतात. किल्ला एकदा सुरुंगाने फुटला. या वास्तू आपण दुरुस्तीच्या नावाखाली आतून फोडत आहोत.

गेल्या वर्षी मी सिमेंट खरवडून काढले आणि भिंतीला पुन्हा चुना लावला. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत लोणा नेहमीसारखा फुललेला दिसला. बऱ्याच वर्षांनी मी तो आजीसारखा केरसुणीने झाडला.