मूळचा कुठला?

परवा जुन्या बातम्यांची कात्रणं लावत होतो, त्यात आपल्या तालुक्याच्या मॅरेथॉनची माझीच एक बातमी सापडली. फोटोत एक काळासावळा, कुरळ्या केसांचा, काटक पोरगा धावतोय. खाली ओळ मीच लिहिलेली : ‘स्पर्धेत आफ्रिकन धावपटूही सहभागी’.

ती ओळ चूक होती. फोटो घाईत मोबाईलवरून पाठवून दिला आणि संध्याकाळी तोच पोरगा एसटी स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी भेटला. आम्ही चार-पाच जण होतो. कुणीतरी मोडक्या इंग्रजीत त्याला देश विचारला. तो सरळ मराठीत म्हणाला, "हल्याळचा मी."

मराठीही कशी, तर आपल्या चंदगडीसारखी, कोकणीकडं झुकलेली. तरी मी विचारलंच, "ते झालं रे, पण मूळचा कुठला?"

"मूळचा पण हल्याळचाच, सर. आजा-पणजा सगळे तिथलेच." मग चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "तुम्ही मूळचे कुठले?"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं उत्तर द्यायचं तर माझे आजोबा पोटासाठी कोकणातून घाट चढून इथं आले. आमच्या घराण्याला या गावात शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. मला मात्र आजवर एकदाही कुणी ‘मूळचा कुठला’ असं विचारलेलं नाही. कारण माझा चेहरा इथल्या चार माणसांसारखा आहे. बस्स, एवढंच कारण.

त्या पोराचा समाज म्हणजे सिद्दी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागातल्या जंगलपट्टीत त्यांच्या वस्त्या आहेत. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. आपल्यापासून काही तासांची वाट. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं संधी मिळेल तशी पळून या रानात शिरली, त्यांचे हे वंशज, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्यांनी स्वतःच्या पायानं स्वातंत्र्य मिळवलं, त्यांची ही नातवंडं-पतवंडं.

आता कुणी म्हणेल, ती तिकडची गोष्ट, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकातच आहे. आपण तो नीट वाचत नाही.

मलिक अंबर हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्म. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशीच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि शिपाईगिरी करत वर चढला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरानं दुसरा मुर्तझा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीसेक वर्षं अकबर-जहांगीरच्या फौजांना दख्खनेत सुखानं बसू दिलं नाही.

कुणाच्या जिवावर? मराठा घोडेस्वारांच्या. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबराच्या बाजूनं लढले. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी त्याच रणात पडले. मोठ्या फौजेला समोरून न भिडता रसद तोडायची, दमवायचं, मग गाठायचं, ही लढाईची रीत अंबरानं मराठा स्वारांच्या जोरावर चालवली. तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

खडकी गावाच्या जागी 1610 मध्ये त्यानं शहर वसवलं. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणलं. जमिनीची प्रत बघून सारा ठरवायची त्याची पद्धत तर ‘मलिकंबरी’ नावानंच मराठी मुलखात ओळखली गेली. 1626 मध्ये तो वारला, कबर खुलताबादेत आहे. आला आफ्रिकेतून खरा, पण मिसळला याच मातीत.

रंगावरून हिणवणं तेव्हा नव्हतं असं नाही. जहांगीरला तो कधी हाती लागला नाही. मग बादशहानं एक चित्र काढून घेतलं : भाल्यावर अंबराचं मुंडकं आणि जहांगीर त्यावर बाण सोडतोय. रणात जमलं नाही ते कागदावर केलं. चित्र आजही डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

आणि सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. बरोबर आहे. जंजिऱ्याचा सिद्दी स्वराज्याचा हाडवैरी होता, किनाऱ्यावरच्या रयतेला त्यानं छळलं, हे लपवायचं कारण नाही. पण तो मुलूखच ‘हबसाण’ नावानं ओळखला जायचा आणि ते संस्थान 1948 पर्यंत टिकलं. तीनशेहून जास्त वर्षं जो समाज इथं राज्य करतो, त्याला परका कुठल्या हिशेबानं म्हणायचं? वैरी म्हणा हवं तर. वैरी आणि परका यांत फरक आहे.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या, पन्हाळा. 1660 मध्ये गडाला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना माहीत असतो. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून आलेला सिद्दी हिलाल किती जणांना माहीत आहे? त्या झटापटीत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. एक सिद्दी वेढा घालतोय, दुसरा महाराजांसाठी पोटचा पोरगा पणाला लावतोय. तिथं ‘कुणाच्या बाजूनं लढतोस’ हा सवाल होता. ‘मूळचा कुठला’ विचारायला कुणाला सवड नव्हती.

तो सवाल आपण आज विचारतो. शिकलेले, मोबाईलवाले आपण.

सरकारनंही या चेहऱ्याकडं आपल्या सोयीनं पाहिलं. ऑलिंपिकची पदकं हवी होती तेव्हा 1980 च्या दशकात क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी पोरं निवडून प्रशिक्षणाला नेली. हे आफ्रिकी वंशाचे, धावणारच, असा हिशेब. काही वर्षांत ती योजना गुंडाळली आणि पोरं परत जंगलात, मजुरीला. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 उजाडलं.

कुणी म्हणेल, विचारलं तर बिघडलं काय? ओळख काढायला आपण सगळ्यांनाच गाव विचारतो. विचारावं की. ‘गाव कुठलं’ विचारून उत्तर मिळालं की आपण पुढं बोलतो, पाहुणे-रावळे काढतो. बिघडतं ते ‘मूळचा’ या शब्दापाशी. माणसानं उत्तर दिल्यावरही आपण थांबत नाही, म्हणजे ते उत्तर आपल्याला मान्यच नसतं. त्या पोराला हे दर स्टँडवर, दर स्पर्धेत सोसावं लागत असणार. पुण्यात शिकणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या पोरांचं तरी वेगळं काय होतं?

त्या दिवशी ओळ बदलायला मी डेस्कला फोन लावायला हवा होता. एवढंसं काय, म्हणून लावला नाही. सकाळी अंक छापून आला, दुरुस्ती कधीच आली नाही. ती आज इथं देतो : त्या फोटोतला धावपटू आफ्रिकन नव्हता. तो हल्याळचा होता.

त्याचं नाव मी तेव्हा विचारलंच नाही. मूळ विचारलं, नाव राहून गेलं.