बंदिवासातील ओवी

सुखाच्या दिवसांत देवाची स्तुती करणे कठीण नसते. पेरणी साधली, घरात कार्य ठरले, की स्तोत्र आपोआप ओठांवर येते. परंतु घर गेले, चर्च गेले, धर्मगुरूही उरले नाहीत, तर त्या स्तुतीचे काय होते? स्तोत्रसंहितेतील बाबेलचे बंदिवान आपली वाद्ये नदीकाठच्या झाडांना टांगून ठेवतात. परक्या भूमीत गाणे त्यांना अशक्य वाटते. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे निराळे उत्तर आहे. ते 'ख्रिस्तपुराणा'च्या प्रवासात सापडते.

'ख्रिस्तपुराण' म्हटले की आपणांस मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या चार ओव्या आठवतात, आणि आपण बहुधा तेथेच थांबतो. ग्रंथकर्त्याचे आयुष्य मात्र गौरवाचे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स 1549 साली इंग्लंडमध्ये जन्मले. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत तेथे कॅथलिक मिस्सा हा गुन्हा ठरला होता. त्यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड त्यांच्यासमवेत रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करणार होता. तो पकडला गेला, आणि त्याची पुढची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निघाले व 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. गावकऱ्यांच्या त्या रोषामागे आपली देवळे पाडली गेल्याची जखम होती, हेही आपण विसरू नये. मृतांचे देह मिळवून आणण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले.

त्याच साष्टीत ते पुढे राहिले, तेथील माणसांची भाषा शिकले, आणि 1616 साली रायतूर येथे त्यांचा सुमारे 11,000 ओव्यांचा ग्रंथ छापून निघाला. त्याचा आरंभ मराठी पोथीच्या रीतीप्रमाणे नमनाने होतो. मित्राची बेडी आणि सहकाऱ्यांची प्रेते पाहिलेला हा मनुष्य आधी हात जोडतो आणि मग कथा सांगू लागतो. त्या नमनाचे मोल आम्हांस त्यामुळेच अधिक वाटते.

ग्रंथाच्या 1649 व 1654 साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचला जाई. पण 1684 साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्ती राजसत्तेनेच ख्रिस्ती प्रजेच्या तोंडची भाषा काढून घ्यावी, हा प्रकार अजबच! पोथी मात्र टिकली. गोवा सोडून कानड्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर ती दक्षिणेकडे गेली.

तेथे 24 फेब्रुवारी 1784 हा दिवस उजाडला.  इंग्रजांना साहाय्य केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानाने कानड्यातील ख्रिस्ती लोकांची धरपकड आरंभिली. चर्चे पाडली गेली, धर्मगुरू हद्दपार झाले, आणि स्त्रिया, मुले, वृद्ध यांसह सर्वांना घाट चढवून श्रीरंगपट्टणास नेण्यात आले. बंदिवानांची संख्या कोणी 30,000 सांगतात, कोणी 80,000. आकड्याचा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. वाटेत आणि कैदेत फार माणसे मेली, याविषयी वाद नाही. बंदिवास 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हाच संपला.

ती पंधरा वर्षे हे लोक मिस्साविना राहिले. त्या काळात 'ख्रिस्तपुराण' वाचून व गाऊन त्यांनी आपली श्रद्धा जागती ठेवली, असे मंगळुरी ख्रिस्ती समाजात परंपरेने सांगितले जाते. आम्हांस ही परंपरा विश्वसनीय वाटते, आणि त्याचे कारण ओवी हेच आहे. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासली असो वा कोकणातले एखादे खेडे, आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईला ओवी म्हणण्यासाठी पुस्तक लागत नसे, दिवा लागत नसे, वाद्यही लागत नसे. लॅटिन मिस्सा धर्मगुरूंबरोबर गेली. ओवी तोंडात होती, ती कोण हिरावून घेणार? शिवाय पुराणातील येशूही पकडला जातो, बांधला जातो, मारला जातो. बंदिवानांना आपले दुःख बाजूला ठेवून स्तुती करावी लागली नाही. ख्रिस्ताच्या यातनांचे ओवीबद्ध वर्णन म्हणताना त्यांच्या स्वतःच्या आसवांनाही तेथे जागा होती.

सुटकेनंतर जे वाचले ते परतले. त्यांनी पडक्या चर्चच्या जागी पुन्हा भिंती उभ्या केल्या. पुराणाच्या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1907 साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला रोमन लिपीत पुराण पुन्हा छापले, ते हस्तलिखितांवरून. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. मधल्या अडीचशे वर्षांत ही पोथी घराघरांतून हाताने उतरवली जात होती. उतरवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत.