कामगार आणि इतिहासाची पदवी

दुसऱ्या पाळीवरून सुटलेला कामगार मध्यरात्री मोबाइलवर इतिहासाचे व्याख्यान ऐकतो आणि घरबसल्या पदवी मिळवतो, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. युनियनच्या कचेरीत आमच्याकडे पगारवाढीबरोबर प्रवेश-अर्जाचीही चौकशी होते. आम्ही स्वतः वाचनालयात शिकलो, कॉलेजात नव्हे. त्यामुळे पदवीचा आम्हांला धाक नाही, तशी तिची हेटाळणीही करवत नाही.

या दूरच्या शाळेचे पहिले मोठे दार लंडन विद्यापीठाने 1858 साली उघडले. मान्य कॉलेजातूनच परीक्षेला आले पाहिजे ही अट त्यांनी काढली. वाटेल तिथे अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे. (बायकांना पदव्या खुल्या झाल्या त्या 1878 साली, ‘सर्वांना’ या शब्दात सर्वजण यायला अशी वर्षे लागतात.) पण दार उघडले ते परीक्षेचे. पुस्तक कुठून आणावे, अडले तर विचारावे कोणाला, हे ज्याचे त्याने पाहायचे.

शिकवायचे काय, हा प्रश्न मात्र कामगारांनीच काढला. 1899 साली ऑक्सफर्डला कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघाले. जे तिथे येऊन राहू शकत नव्हते त्यांना टपालाने धडे जात. 1909 साली तिथले प्राचार्य डेनिस हर्ड यांना काढले, तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. खाणीतली आणि रेल्वेतली माणसे ती! कामगाराला कोणता इतिहास आणि कोणते अर्थशास्त्र शिकवायचे हे ठरवणार कोण, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी त्यांच्या बाजूच्या मंडळींनी आपले निराळे लेबर कॉलेज काढले. आम्ही उभी हयात संपांत काढली, पण अभ्यासक्रमासाठी झालेला हा संप वाचून आम्ही थबकलो. पुढे 1960 नंतरच्या दशकात याच रस्किनमध्ये राफाएल सॅम्युएल या अध्यापकाने कामगार-विद्यार्थ्यांना आपापल्या धंद्याचा इतिहास मूळ कागदपत्रांतून लिहायला लावले.

इंग्लंडात 1969 साली सनद मिळालेल्या आणि 1971 साली अध्यापन सुरू केलेल्या ओपन युनिव्हर्सिटीने शिकवणे आणि परीक्षा यांची सांगड घातली. शाळेच्या दाखल्याची अट नाही. रेडिओ-दूरदर्शनवर पाठ, आणि लिहिलेले तपासून देणारा शिक्षक. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने 1962 साली पत्रद्वारा वर्ग काढले, 1985 साली इंदिरा गांधींच्या नावाचे मुक्त विद्यापीठ झाले आणि 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे. अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनी मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली आहे. तेव्हा ही पदवी ‘खरी’ का, हा वाद मिटला.

वेळेचा वाद मिटलेला नाही. ‘सवडीने शिका’ असे जाहिरातीत असते. सवड कोणी दिली? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. 1911 च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर बांधला, 1948 च्या कायद्याने आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. आज कंत्राटी माणूस पुन्हा बारा तास उभा दिसतो. त्याने व्याख्यान ऐकायचे केव्हा? परीक्षेची भरपगारी रजा करारात मागावी, असे आमचे मत आहे. मालक हसतील. रविवारच्या सुट्टीलाही हसलेच असतील.

दुसरी अडचण विषयाचीच आहे. इतिहास नुसता ऐकून येत नाही; कागद पाहावा लागतो, त्यावर भांडावे लागते. कागदाची सोय पुष्कळ झाली: राष्ट्रीय अभिलेखागाराचे दप्तर ‘अभिलेख पटल’वर घरी वाचता येते. भांडायला मात्र माणसे लागतात. चारपाच जणांनी एकत्र बसून एकाच प्रश्नाची चार उत्तरे लिहावीत. युनियनची कचेरी रविवारी रिकामीच असते.

आणि काही इतिहास अजून दप्तरात गेलेलाच नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून ऐकून ग्रंथ केला, तो 2004 साली निघाला. पण सोलापूर, नागपूर, इचलकरंजी इथल्या मागांवरच्या माणसांना किती जणांनी विचारले? संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीला टेकला आहे. त्याच्या घरी जायला पदवीच्या विद्यार्थ्याला कोणाची परवानगी लागत नाही. मोबाइलमध्ये आवाज टिपण्याची सोय आहेच.