सात वर्षे आणि काही दिवस

२०२२ च्या नोव्हेंबरात श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला माणूस डेट्रॉइटचा प्रतिनिधी झाला म्हटल्यावर आपल्याकडे आनंद होणे साहजिकच होते. मला मात्र त्या बातमीने दलीपसिंग सौंद या पंजाबी शेतकऱ्याची आठवण करून दिली.

सौंद १९२० साली अमेरिकेला गेले ते फळे डबाबंद करण्याचे शास्त्र शिकायला. बर्कलीला ते गणिताकडे वळले आणि १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण आदल्याच वर्षी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, असा निवाडा दिला होता. (हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते!) म्हणजे नागरिकत्व नाही, आणि ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नव्हती. गणिताचा हा डॉक्टर मग इंपीरियल व्हॅलीच्या उन्हात शेतीत राबू लागला.

मताचा हक्कच नाही, तर राजकारण कसले करायचे? सौंद यांनी आपली माणसे संघटित केली आणि कायदा बदलण्यासाठी खटपट चालवली. १९४६ साली ल्यूस-सेलर कायदा झाला. ल्यूसबाई रिपब्लिकन, सेलर डेमोक्रॅट. हिंदी लोकांना वर्षाला अवघे १०० परवाने, पण नागरिकत्वाचे दार उघडले.

डिसेंबर १९४९ मध्ये सौंद नागरिक झाले. पुढच्याच वर्षी वेस्टमोरलंड गावाने त्यांना न्यायाधीश म्हणून निवडून दिले. पण नागरिकत्वाला वर्ष झाले नाही म्हणून पद नाकारले गेले. १९५२ मध्ये गावाने त्यांनाच पुन्हा निवडले.

१९५६ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेससाठी उभे राहिले. समोर नामांकित वैमानिक जॅकलिन कॉक्रन. मतदारसंघ रिपब्लिकन वळणाचा. सदस्याला सात वर्षांचे नागरिकत्व हवे, असे राज्यघटना सांगते. जानेवारी १९५७ मध्ये नवी काँग्रेस बसली तेव्हा सौंद यांची सात वर्षे आणि काही दिवस भरले होते! मतदानाचा अधिकार असलेले काँग्रेसचे ते पहिले आशियाई सदस्य. हिंदी मतदार तिथे मूठभरच. निवडून दिले ते गोऱ्या शेजाऱ्यांनी. १९६२ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि जागा गेली. त्यानंतरचा भारतीय वंशाचा सदस्य, लुइझियानाचे रिपब्लिकन बॉबी जिंदाल, निवडून यायला २००४ साल उजाडावे लागले.

ठाणेदारांनाही आपल्या लोकांच्या मतांनी तारले नव्हते. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांची संख्या मोठी. १९५५ पासून डेट्रॉइटचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असे. ती परंपरा त्यांच्या विजयाने खंडित झाली. आपल्याकडे कौतुक चालले असताना तिकडे अनेकांच्या मनात हळहळ होती. आपल्या शहराचा आवाज आपल्यातल्या माणसाच्या तोंडून निघावा, ही ती हळहळ. सीमाभागात जन्म काढलेल्या मला ती परकी वाटली नाही.