कोरोनाचे पहिले ६० दिवस: लोक तसे का वागले होते?

मास्कसाठी मेडिकलबाहेर रांगा, बाल्कनीत थाळ्या, रात्री आठनंतर किराणा दुकानांत गर्दी, महामार्गावर पायी निघालेले मजूर आणि गावाच्या वेशीवर आडवी टाकलेली झाडं. मार्च ते मे २०२० मधली ही दृश्यं आजही अधूनमधून सोशल मीडियावर 'मेमरी' म्हणून वर येतात. त्याखालच्या कमेंट्समध्ये बऱ्याचदा एकच सूर असतो: 'तेव्हा लोक वेडेच झाले होते.'

पण खरंच तसं होतं का? ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. तिथपासून ८ मे रोजी औरंगाबादजवळ झालेल्या रेल्वे दुर्घटनेपर्यंतचे ६० दिवस तारखांसह पाहिले, तर वेगळं चित्र दिसतं. लोकांच्या बहुतेक प्रतिक्रियांमागे एक साधं कारण होतं. उद्या काय होणार, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

भीती आधी पोचली, विषाणू नंतर

भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळमध्ये सापडला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. महाराष्ट्रात तेव्हा एकही रुग्ण नव्हता, पण 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो' हा मेसेज पोचला होता.

त्याचा पहिला फटका कुक्कुटपालकांना बसला. चिकनची मागणी कोसळली. कोंबड्या मिळेल त्या भावाला किंवा चक्क फुकट देण्याची वेळ आली. पिल्लं वाढवण्याचा खर्चही निघणार नाही म्हणून काहींनी ती नष्ट केली. चिकन आणि कोरोनाचा संबंध नसल्याचं सरकारने सांगितलं, पण तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

९ मार्चनंतर मास्क आणि सॅनिटायझर दुकानांतून गायब झाले. १३ मार्चला केंद्राने या दोन्ही वस्तू जीवनावश्यक ठरवल्या. २१ मार्चला दर ठरवून दिले: तीन पदरी मास्क १० रुपये, २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० रुपये. म्हणजे आधी साठेबाजी झाली आणि मग नियम आले.

हातावरचा शिक्का

१७ मार्चला मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात राज्यातला पहिला कोरोना मृत्यू नोंदवला गेला. त्याच सुमारास घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली. मतदानाला वापरतात तशी न पुसणारी शाई त्यासाठी वापरली गेली.

हेतू स्पष्ट होता: ही व्यक्ती घराबाहेर दिसली तर लोकांना कळावं. १८ मार्चला असे शिक्के असलेले चार प्रवासी गरीबरथ एक्सप्रेसमध्ये सहप्रवाशांना दिसले आणि त्यांना पालघरला उतरवण्यात आलं.

पण शिक्क्याचा दुसरा परिणामही झाला. शिक्का म्हणजे 'खबरदारी म्हणून घरी थांबलेला माणूस'. लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'रुग्ण' असा घेतला, आणि रुग्ण म्हणजे जणू गुन्हेगार. रुग्णांची नावं आणि पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. लक्षणं दिसली तरी सांगायचं नाही, असं काही जणांना वाटू लागलं ते इथूनच.

थाळ्या वाजल्या, पण घरमालक म्हणाले...

२२ मार्चला 'जनता कर्फ्यू' होता, सकाळी ७ ते रात्री ९. संध्याकाळी ५ वाजता डॉक्टर, नर्स, पोलीस आणि सफाई कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या किंवा थाळ्या वाजवाव्यात, असं पंतप्रधानांनी सांगितलं होतं. इटली आणि स्पेनमध्ये लोकांनी बाल्कनीत उभं राहून असंच केलं होतं.

बहुतेकांनी ते घरातून केलं. काही ठिकाणी मात्र लोक थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरले आणि मिरवणुकाच निघाल्या. '१४ तास घरात बसलं की विषाणू मरतो' आणि 'थाळ्यांच्या कंपनाने तो नष्ट होतो' हे मेसेज त्याआधीच फिरले होते. सरकारच्या फॅक्ट चेक विभागाला ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं.

त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. दिल्लीतल्या 'एम्स'च्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. घरमालक डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना घर रिकामं करायला सांगत असल्याची तक्रार त्यात होती. टाळ्या वाजवणारे आणि घराबाहेर काढणारे हे नेहमीच दोन वेगळे गट नव्हते. कौतुक लांबून करता येत होतं, पण भीती शेजारी राहायला आली होती. अखेर २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढला आणि आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली.

चार तासांत काय काय आणणार?

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल थांबली आणि देशभरातल्या प्रवासी गाड्याही बंद झाल्या. २३ मार्चला महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या.

२४ मार्चला रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांचा देशव्यापी लॉकडाऊन जाहीर केला. तो त्याच रात्री १२ वाजता सुरू होणार होता. देशात तेव्हा ५०० च्या आसपास रुग्ण होते. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

भाषण संपायच्या आत लोक पिशव्या घेऊन बाहेर पडले. किराणा, दूध, भाजी, औषधं, सगळीकडे गर्दी झाली. जी गर्दी टाळायची होती, तीच झाली. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, घाबरू नका, असं आवाहन त्यानंतर करण्यात आलं. दुकानं उघडी राहणार हे बंदी जाहीर करतानाच ठळकपणे आणि पुन्हा पुन्हा सांगितलं असतं, तर गर्दीचं मुख्य कारणच उरलं नसतं.

मजूर गावाकडे का निघाले?

'सरकार जेवण देत होतं, मग हे लोक निघाले कशाला?' हा प्रश्न तेव्हा बराच विचारला गेला. त्याची उत्तरं तीन आहेत.

पहिलं, घर. मुंबई, ठाणे, भिवंडीत अनेक कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. काही जण कामावर गेले की बाकीचे आडवे होतात. कारखाने बंद झाल्यावर सगळे एकाच वेळी त्या खोलीत आले. 'घरात राहा' या सूचनेत सर्वांसाठी पुरेसं घर आहे, हे गृहीत धरलं होतं.

दुसरं, रेशन. २६ मार्चला केंद्राने रेशनकार्डधारकांना तीन महिने दरमहा माणशी ५ किलो जादा धान्य मोफत द्यायचं जाहीर केलं. पण अनेकांचं कार्ड गावच्या पत्त्यावर होतं. कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी मोफत धान्याची घोषणा झाली ती १४ मे रोजी, म्हणजे लॉकडाऊनच्या आठव्या आठवड्यात. महाराष्ट्र सरकारने शिवभोजन थाळी १० ऐवजी ५ रुपयांना केली. त्याचा आधार झाला, पण मजुरांची संख्या फार मोठी होती.

तिसरं, तारीख. २१ दिवस कसेबसे काढायचे, असा अनेकांचा हिशोब होता. १४ एप्रिलला सकाळी लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर हजारो कामगार जमले. गाड्या सुटणार असल्याची चर्चा पसरली होती. पोलिसांनी लाठीमार करून गर्दी पांगवली. ती चर्चा खोटी होती. पण घरी जायला गाडी मिळेल का, या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिवशी कोणाकडेही नव्हतं.

श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या १ मेपासून. तोवर कित्येक जण चालू लागले होते.

८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करत आणि मूळचे मध्य प्रदेशचे होते. गाडी मिळेल या आशेने ते भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. थकून तिथेच झोपले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या नव्हत्या.

गावांनी वाटा का अडवल्या?

एरवी शिमगा आणि गणपतीला चाकरमान्यांची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या गावांनीही त्या वेळी 'येऊ नका' असं सांगितलं. राज्यभर अनेक गावांनी दगड, काटेरी फांद्या आणि झाडं टाकून रस्ते बंद केले. पाहुण्यांना प्रवेश नसल्याच्या पाट्या लागल्या.

शहरात बसून हे निष्ठुर वाटलं. पण गावाच्या बाजूने पाहिलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्र काही किलोमीटरवर आणि व्हेंटिलेटर असलाच तर जिल्ह्याच्या ठिकाणी. शिवाय गावात म्हातारी माणसंच जास्त. नंतर अनेक ठिकाणी मार्ग निघाला: आलेल्यांनी १४ दिवस गावच्या शाळेत राहायचं, जेवणाचा डबा घरून यायचा. नियम ठरल्यावर वाद सगळे संपले नाहीत, पण वाटाघाटीला जागा झाली.

अफवा आणि शत्रूचा शोध

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच 'इन्फोडेमिक' हा शब्द वापरला होता. म्हणजे खऱ्या-खोट्या माहितीचा असा पूर, ज्यात कामाची माहितीच सापडत नाही. ७ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपने वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं बंधन घातलं. असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने नंतर सांगितलं.

पण अफवांना इंटरनेटच लागतं असं नाही. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले परिसरात चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याची चर्चा होती. गावकरी रात्री पहारा देत होते. १६ एप्रिलच्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. त्यानंतर या घटनेला धार्मिक रंग देणारे मेसेज सुरू झाले. शेवटी अटक केलेल्या १०१ जणांमध्ये एकही मुस्लीम नसल्याचं गृहमंत्र्यांना यादी देऊन सांगावं लागलं.

दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमातून संसर्ग पसरला, हे मार्चअखेर उघड झालं. त्यानंतर संपूर्ण समाजालाच दोषी धरणारे व्हिडिओ पसरले, काही ठिकाणी भाजीविक्रेत्यांना नाव विचारून हाकललं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणातल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं दिसतं, असं मत न्यायालयाने नोंदवलं.

हे पहिल्यांदा घडलं का?

नाही. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा आहे. मुंबईत १८९६ मध्ये आलेल्या प्लेगमुळे ब्रिटिशांनी तो केला होता. तेव्हाही लाखो लोक मुंबई सोडून गेले होते. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती पसरली आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय.

१८९७ मध्ये पुण्यात सैनिकांनी घरात शिरून तपासणी केली. त्या संतापातून २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. सक्तीला विरोध आणि सेवेसाठी स्वतः पुढे येणं, या दोन्ही प्रतिक्रिया एकाच शहरात, एकाच काळात होत्या.

मग फरक कशाने पडतो?

याचं उत्तर धारावीत मिळतं. १ एप्रिलला तिथे पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची दाट वस्ती, बहुतेकांची भिस्त सार्वजनिक शौचालयांवर. इथे अंतर पाळणं अशक्यच होतं.

महापालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. ओळखीचा डॉक्टर दारात आला की लोक ताप लपवत नव्हते. ताप तपासणीची शिबिरं झाली, शौचालयं वारंवार निर्जंतुक केली गेली, विलगीकरणात जेवण मिळत होतं. जूनपर्यंत तिथली वाढ मंदावली. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

भीती धारावीतही होती. फरक इतकाच, की तिथे सूचनेसोबत जेवण, तपासणी आणि ओळखीचा माणूस पोचला.

१४ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की, लॉकडाऊनमध्ये १ कोटी ४ लाखांहून अधिक स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती जणांचा मृत्यू झाला, या प्रश्नावर उत्तर होतं: अशी आकडेवारी ठेवलेली नाही.

करमाडच्या १६ जणांची नोंद झाली, कारण ते रेल्वेखाली सापडले. रस्त्यावर चालताना कोसळलेल्यांची एकत्र मोजणी झालीच नाही. त्यामुळे 'तेव्हा लोक वेडे झाले होते' अशी कमेंट पुढच्या वेळी दिसली, तर हा न मोजलेला आकडाही लक्षात ठेवायला हवा.