ओव्हरड्राइव्ह पेडल आणि छोटा अ‍ॅम्प : गिटारच्या सोलोला चांगला टोन कसा मिळवायचा?

घरी एकट्याने वाजवताना गिटारचा सोलो भरदार वाटतो. तीच गिटार, तेच पेडल आणि तोच अ‍ॅम्प घेऊन बँडच्या सरावाला गेलात, की ड्रम सुरू होताच तुमचे सूर ऐकूच येत नाहीत. मग बहुतेक जण ड्राइव्ह आणखी वाढवतात किंवा नवीन पेडल विकत घेतात. पण बऱ्याचदा दोष पेडलचा नसतो. ड्राइव्ह गरजेपेक्षा जास्त आणि मिड गरजेपेक्षा कमी असतो. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी हे सगळे कसे चालते ते समजून घेऊया.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

अ‍ॅम्पला त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा सिग्नल दिला, की आवाजाच्या लहरीची वरची आणि खालची टोके छाटली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. या छाटणीमुळे मूळ सुरासोबत नवे हार्मोनिक्स तयार होतात आणि आवाजाला धार येते. जोरात आणि हळू वाजवलेल्या सुरांमधला फरकही कमी होतो, म्हणून सूर जास्त वेळ टिकल्यासारखा वाटतो. यालाच गिटारवादक सस्टेन म्हणतात.

पूर्वी यासाठी ट्यूब अ‍ॅम्प खूप मोठ्या आवाजात चालवावा लागे. छोटा अ‍ॅम्प लवकर ‘फाटतो’, म्हणून स्टुडिओत त्याचाही उपयोग होई. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० च्या ‘लैला’ अल्बमसाठी फेंडर चॅम्प हा सुमारे ५ वॅटचा छोटा अ‍ॅम्प वापरला होता. पुढे १९७७ मध्ये बॉस कंपनीचे ओडी-१ आणि त्यानंतर आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर आले. कमी आवाजातही असा टोन मिळण्याची सोय झाली.

सोलोसाठी मिड का महत्त्वाचा?

गिटारच्या सर्वात जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. सर्वात पातळ तारेचा १२ व्या फ्रेटवरचा सूर सुमारे ६५९ हर्ट्झचा, तर २२ व्या फ्रेटवरचा सुमारे १,१७५ हर्ट्झचा असतो. म्हणजे सोलोचा मुख्य भाग मधल्या पट्ट्यात येतो.

बँडमध्ये खालचा पट्टा बास गिटार आणि किक ड्रम व्यापतात. वरच्या पट्ट्यात झांजांचा आवाज असतो. घरी बास आणि ट्रेबल वाढवून मिड कमी केला तर टोन भारी वाटतो, पण बँडमध्ये नेमकी तुमची जागा रिकामी राहते.

ट्यूब स्क्रीमर आणि त्याच्या धर्तीवरची पेडल सोलोसाठी लोकप्रिय होण्याचे कारण हेच आहे. त्यांच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढवले जातात. टोनचा भाग तीक्ष्ण आवाज आवरतो. त्यामुळे मधला पट्टा आपोआप पुढे येतो.

नॉब कुठे ठेवायचे?

नॉबची जागा घड्याळाच्या तासांप्रमाणे सांगतात. सरळ वर म्हणजे १२ वाजता. खालील आकडे सुरुवातीसाठी आहेत. शेवटी कानाने ठरवा.

*ट्यूब अ‍ॅम्प असेल तर :* आधी पेडल बंद ठेवा. जोरात वाजवल्यावर आवाज किंचित फाटेल आणि हळू वाजवल्यावर स्वच्छ राहील, इतका अ‍ॅम्प वाढवा. मग पेडल सुरू करून ड्राइव्ह ८ ते ९ वाजता, लेव्हल २ ते ३ वाजता आणि टोन १२ वाजता ठेवा. इथे पेडल स्वतः फारसे छाटत नाही, ते अ‍ॅम्पला ढकलते.

*छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असेल तर :* घरी सरावासाठी घेतलेले बहुतेक १० ते १५ वॅटचे अ‍ॅम्प या प्रकारचे असतात. त्यांच्या क्लीन चॅनलला फार ढकलले तर आवाज कर्कश होतो. म्हणून अ‍ॅम्प स्वच्छ ठेवा आणि छाटणीचे काम पेडलला करू द्या. ड्राइव्ह १२ ते २ वाजता, टोन १० ते ११ वाजता ठेवा. लेव्हल अशी ठेवा, की पेडल सुरू केल्यावर आवाज थोडासाच वाढेल.

अ‍ॅम्पला स्वतःचा ड्राइव्ह चॅनल असेल तर त्याचा गेन मध्यम ठेवा. पेडलचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून बघा. खालचे सूर आवरले जातात आणि सोलो नेमका ऐकू येतो.

सोलोच्या वेळी आवाज का वाढत नाही?

लहर आधीच छाटली जात असेल, तर त्यापुढे ड्राइव्ह वाढवून आवाज वाढत नाही, फक्त छाटणी वाढते. पिकचा ठोका हरवतो आणि सूर एकमेकांत मिसळतात. सोलोसाठी खरोखर मोठा आवाज हवा असेल, तर वाढ छाटणीनंतर व्हायला हवी. अ‍ॅम्प स्वच्छ असेल तर बूस्ट पेडल ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावा. छाटणी अ‍ॅम्पमध्येच होत असेल, तर बूस्ट अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावा.

सोपा उपाय गिटारवरच आहे. साथ करताना गिटारचा व्हॉल्यूम ६ ते ७ वर ठेवा आणि सोलोला १० वर न्या. अ‍ॅम्पला थोडी मोकळीक ठेवली असेल तर आवाज आणि धार दोन्ही वाढतात.

मोठा अ‍ॅम्प घ्यावा का?

वॅट दहापट झाले, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे त्याच प्रकारच्या स्पीकरवर ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही, साधारण दुप्पटच वाजतो. कार्यक्रमात छोट्या अ‍ॅम्पसमोर माइक लावून आवाज पीए सिस्टीममध्ये देता येतो.

अ‍ॅम्पची जागाही बघा. गिटारच्या स्पीकरमधून तीक्ष्ण आवाज सरळ समोर जातो. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर तो तुमच्या गुडघ्यांवर आदळतो. तुम्हाला टोन बोथट वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोरच्यांच्या कानांना त्रास होतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा. कोपऱ्यात ठेवल्यास बास घुमतो, म्हणून भिंतीपासून थोडा दूर ठेवा.

रील रेकॉर्ड करताना

पेडल थेट मोबाइलच्या ऑडिओ इंटरफेसला जोडले तर आवाज माशी घोंगावल्यासारखा येतो. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे आवाज बरेच गाळतो, ती गाळणी इथे नसते. अशा वेळी अ‍ॅपमधील कॅबिनेट सिम्युलेशन सुरू करा. मोबाइलच्या माइकने रेकॉर्ड करत असाल तर तो अ‍ॅम्पला चिकटवू नका. दोन-चार फूट लांब ठेवा आणि आवाज मध्यम ठेवा.

गुणगुण आणि सुरक्षितता

ड्राइव्ह वाढवला की गुणगुणही वाढते. सिंगल कॉइल पिकअप असेल तर ट्यूबलाइट, मोबाइल चार्जर यांपासून दूर उभे राहा. पेडलला त्यावर लिहिलेलाच अडॅप्टर लावा. बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडलना ९ व्होल्टचा, मधले टोक ऋण असलेला अडॅप्टर लागतो. टोके उलटी असलेला अडॅप्टर लावल्यास पेडल खराब होऊ शकते.

गुणगुण कमी करण्यासाठी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारा सहसा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसताना अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर तारांमधून जीवघेणा शॉक बसू शकतो. सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

थोडक्यात

पुढच्या सरावाला तीन गोष्टी करून बघा : ड्राइव्ह नेहमीच्या निम्म्यावर आणा, अ‍ॅम्पचा मिड वाढवा आणि अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून ठेवा. घरी हा टोन थोडा कोरडा वाटेल. पण तो एकट्याने वाजवून नव्हे, तर ड्रम आणि बास सुरू असताना पारखा. तरीही कमी पडला, तर नव्या पेडलचा विचार करा.